यादीतलं तुझं नाव

भाईंदर (पूर्व),
बुधवार, १२ डिसेंबर २००७

चि. स्वप्नालीस,
अनेक आशीर्वाद. तुझा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. ओळख लागावी म्हणून सांगतो, मी उत्तम खानविलकर. ज्याचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आहे तो. तुझ्या शाळेत दर शनिवारी दहावीच्या मुलांना पुढे काय शिकायचं ते सांगायला यायचो. अजून जातो. गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. भोसरीला आता थंडी पडली असेल. सकाळच्या पाळीला जाताना कान बांधत जा.

इकडची बातमी म्हणजे, दोन तारखेला आमच्या कारखानदार संघटनेने मीरा रोडच्या हॉलमध्ये माझा सत्कार केला. नऊ वर्षं मुलांना विनामोबदला मार्ग दाखवला म्हणून. शाल, श्रीफळ, मानचिन्ह. तुमच्या मुख्याध्यापिका मनोरमाबाईंनी मी घडवलेल्या मुलांची यादी वाचली. कोणी नर्स, कोणी वायरमन, एक बँकेत. शेवटी म्हणाल्या, "आणि स्वप्नाली. कारखान्यात साचे बनवणारी आपल्या शाळेची पहिली मुलगी." सगळ्यात जास्त टाळ्या तुझ्या नावाला पडल्या. तुझी आई दुसऱ्या रांगेत होती. तीही वाजवत होती.

मी हात जोडले, माईकवर सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसलो.

तू विसरली नसशील. २००१ साली वर्ग सुटल्यावर तू थांबली होतीस. आयटीआयचा फॉर्म भरायला दोनच दिवस उरले होते. बाबा नको म्हणतात, सर, तुम्ही एकदा घरी येऊन सांगा, तुमचं ऐकतील, असं म्हणालीस. मी घड्याळ बघत म्हटलं, बाबांचं बरोबर आहे, मशीनवर मुलीचं काय काम, टायपिंग शीक, ऑफिसात पंख्याखाली बसशील. तुझं बोलणं पुरतं झालंही नव्हतं.

सत्कारानंतर तीन दिवसांनी गोडदेवला तुमच्या घरी गेलो. तुझ्या आईने, सुगंधाताईंनी, चहा ठेवला. मी कशाला आलोय ते त्यांनी ओळखलं होतं. म्हणाल्या, "साहेब, ती रडली नाही त्या दिवशी. नुसती पुस्तकं आवरत बसली. मग मीच तिच्या बाबांशी भांडले आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले फॉर्म भरायला."

मग परवा टाळ्या कशाला वाजवल्यात, मी विचारलं.

"माझ्या मुलीचं नाव घेतलं. वाजवणारच ना."

शनिवारी वर्गात सगळं सांगून टाकलं. मनोरमाबाईंनाही सांगितलं, यादीतून स्वप्नालीचं नाव काढा, ते माझं काम नव्हे. वर्गात सांगत होतो तेव्हा नीलम नावाच्या मुलीने उभं राहून विचारलं, "सर, मग आज आम्हाला सांगताय ते तरी बरोबर कशावरून?"

या मुलीला गाड्या दुरुस्त करायला शिकायचंय. रविवारी तिच्या घरी गेलो, तिच्या वडिलांसमोर तासभर बसलो. ते विचारत होते, एवढ्या पुरुषांत मुलगी टिकेल का, तिला काय काय सोसावं लागेल. मी नऊ वर्षं बोलतोय, पण यातलं मला काही माहीत नाही. तुला माहीत आहे. जमलं तर त्यांना चार ओळी लिही. पत्ता मागच्या बाजूला दिलाय. मला उत्तर पाठवलं नाहीस तरी मी समजेन.

माझं चुकलं, स्वप्नाली. हे त्या दिवशी माईकवर म्हणायला हवं होतं.

खाली 'तुझे सर' लिहायला घेतलं होतं. हात थांबला.

उत्तम काशीनाथ खानविलकर