मनासाठी काय वाचता?

बाबा,

तुम्ही कामठीहून पुस्तकांचं पोतं घेऊन आलात तो दिवस मला अजून आठवतो. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, मराठी घेऊन. तुम्ही रोज सकाळी बसने कामठीला जायचात, यंत्रमागांची दुरुस्ती करायला, आणि संध्याकाळी परतायचात तेव्हा तुमच्या भुवयांवर कापसाचे बारीक तंतू अडकलेले असायचे. त्या दिवशी डोक्यावर पोतं होतं. कामठीतला एक कंपाउंडर नोकरी संपवून गावी चालला होता आणि त्याने जन्मभर जमवलेल्या रहस्यकथा तुम्हाला देऊन टाकल्या होत्या. आई भाकरी थापत होती. तुम्ही हातपाय न धुताच स्वयंपाकघराच्या दाराशी बसलात आणि एकेक पुस्तक काढून फडक्याने पुसायला लागलात. कुठल्या मुखपृष्ठावर पिस्तूल, कुठे काळा चष्मा घातलेला माणूस, कुठे जिन्यावर पडलेली बाई. आईने तव्यावरची भाकर उलटली आणि विचारलं, "एका पोत्यात इतकी माणसं मारली काय?"

"मारली," तुम्ही म्हणालात. "पण मारणारा दरवेळी सापडते, पाहाय."

मी मागे उभी राहून पाहत होते आणि मला लाज वाटत होती. आता हे लिहिताना विचित्र वाटतं, पण खरं तेच आहे. कॉलेजात आमचे सर अशा पुस्तकांविषयी बोलताना नुसती भुवई उडवायचे, आणि सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचे. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेले, धम्मदीक्षेनंतरच्या वर्षांत वस्तीतल्या वर्गाला बसून वाचन पक्कं केलेलं, आणि एवढी मेहनत करून मिळवलेलं वाचन तुम्ही या पिस्तुलांवर खर्च करता, असं मला वाटत होतं. मी ते बोलले नाही. त्या संध्याकाळी तरी नाही.

तुम्ही ती सगळी पुस्तकं विहारामागच्या खोलीत, आपल्या वस्तीच्या वाचनालयात नेऊन ठेवलीत. दोन कपाटं, एक लांब टेबल, आणि ते सगळं उभं करणारे काकाजी. डाकेच्या खात्यातून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, बोलणं कमी. सुरुवातीची पुस्तकं त्यांनी घरोघर जाऊन मागून, हातगाडी ढकलत आणली होती, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे काकाजी काही म्हणाले की कोणी उलटून बोलत नसे. तुमच्या रहस्यकथा आल्या आणि पंधरा दिवसांत चरित्रांच्या कपाटाला कोणी हात लावेना. काकाजींनी रविवारी सकाळी बैठक बोलावली.

त्या बैठकीत काकाजी काय म्हणाले ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण ते मला तेव्हा पटलं होतं आणि आजही अर्धं पटतं. "आपल्या बापजाद्याईले पुस्तकाले हात लावू देत नव्हते," ते म्हणाले. "आता हात पोचला. त्या हातात हे धरायचं काय?" त्यांच्या हातात तुमचंच एक पुस्तक होतं. मग ते माझ्याकडे वळले. "ही पोरगी कॉलेजात शिकते. हिले विचारू. सांग वं बाई, तुमच्या कॉलेजात याले काय म्हणतात?"

मी उठून उभी राहिले. तुम्ही दाराजवळ, चपला काढतात तिथे बसला होता. मी म्हणाले, याला वाङ्मय म्हणत नाहीत. हा वेळ घालवण्याचा प्रकार आहे. असली पुस्तकं वाचणारा माणूस जिथे असतो तिथेच राहतो. शेवटचं वाक्य तर आमच्या सरांचं होतं, मी ते पाठ केल्यासारखं म्हटलं. दोन-चार माणसांनी माना डोलावल्या. मी खाली बसले तेव्हा माझे कान गरम झाले होते आणि मला वाटलं ते अभिमानाने.

तुम्ही उठलात. मला वाटलं आता चिडणार. तुम्ही चिडला नाहीत. "काकाजी, काढून टाका म्हणाल तं काढून टाकतो," तुम्ही म्हणालात. "माझी ना नाई. पण काढाच्या आंधी एक डाव लोकाईले विचारून येऊ काय? कोणाले काय वाचाले आवडते ते. अभ्यासासाठी नाई, पास व्हासाठी नाई. मनासाठी." काकाजींनी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यांच्यात हा गुण होता, कोणी नीट विचारलं तर ते नीट ऐकायचे. "महिनाभर घ्या," ते म्हणाले.

घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा फक्त म्हणालात, "तू बोलली ते खोटं नाई. पण मी घरातच राहतो वं. बोलाच्या आंधी मले विचारलं असतं, काहून वाचता म्हणून, तं मी सांगतलं असतं." तुम्ही मला जन्मात कधी मारलं नाहीत, ओरडल्याचंही आठवत नाही. हे एवढंच बोललात, आणि ते मला आजवर पुरलं आहे.

"मग आता सांगा," मी म्हणाले. आवाज जरा फणकाऱ्याचाच होता.

तुम्ही थांबलात. रस्त्याच्या कडेला उभं राहून, हातांनी दाखवत सांगायला लागलात. "माग बंद पडते. मालक म्हणते चालवणाऱ्यानं बिघडवला. चालवणारा म्हणते सूतच खराब. दोघंबी माह्याकडे पाहून राहिले असतात. मी खाली वाकतो, एकेक जागा तपासतो. कुठंतरी एक चाकी सरकली राहते, नाई तं सूत नेणारा धोटा घासून राहते. कधी सापडते. कधी नाईच सापडत, आणि त्या पोराचा रोज बुडते, त्याचा दोष नसला तरी. पुस्तकात तसं होत नाई. शेवटल्या पानावर सापडतेच. ज्यानं केलं नाई, थो सुटतेच." मग थोडं हसून म्हणालात, "मले थे पाहाले बरं वाटते."

मी तिसऱ्या वर्षाला समीक्षेचा पेपर दिला, पुढे एम.ए. केलं, काटोलच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. माणूस रहस्यकथा का वाचतो यावर जाड ग्रंथही वाचले. त्यांतलं फारसं लक्षात राहिलेलं नाही.

पुढच्या रविवारी तुम्ही माझ्यासमोर एक नवी वही ठेवलीत. "तुझं अक्षर चांगलं हाय. मी विचारतो, तू लिही." मी गेले, कारण नाही म्हणायला तोंड नव्हतं. थंडीचे दिवस, दारोदार लोक उन्हाला बसलेले, संत्र्याच्या सालींचा वास. आणि बाबा, पहिल्या घरापासूनच मला जे वाटलं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला मजा यायला लागली. लोक आधी बिचकायचे. चांगलं उत्तर कोणतं ते ओळखू पाहायचे, माझ्या वहीकडे बघून 'चरित्रं' म्हणायचे. तुम्ही मान हलवायचात, उठायचं नाव काढत नव्हता, आणि थोड्या वेळाने विचारायचात, "हे झालं कामाचं. मनासाठी काय?" मग माणूस जरा इकडेतिकडे पाहायचा आणि वेगळ्याच आवाजात बोलायला लागायचा.

विडी वळणाऱ्या मावशींचं उत्तर मी शब्दशः लिहून घेतलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांची सून दुपारी वाचून दाखवायची आणि मावशींचे हात पानं कापत राहायचे. "हसाले येईन असं आनजो," त्या म्हणाल्या. "मागं ह्या पोरीनं एक वाचलं, त्यातली बाई पयल्या पानापासून रडून राहिली होती. मी म्हटलं बंद कर. मले रडाले पुस्तक कायले पायजे?" सून तोंडाला पदर लावून हसत होती. तिला तुम्ही वेगळं विचारलंत. सासूसमोर ती काही बोलेना. आम्ही निघालो तेव्हा फाटकापर्यंत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, प्रेमाच्या कादंबऱ्या, पण लग्नापाशी संपणाऱ्या नकोत, लग्नानंतरच्या पाहिजेत. अशा कादंबऱ्या मराठीत किती आहेत याचा मी पुढे कितीतरी दिवस विचार करत होते.

कोराडीच्या वीज केंद्रात लागलेला एक तरुण सुटीवर घरी आला होता. त्याने क्षणभरही विचार केला नाही. "प्रवासवर्णनं," म्हणाला. तुम्ही विचारलंत, कुठली? "कुठलीबी. पण त्यात बर्फ पायजे." भट्टीजवळ काम, अंगावर राख, आणि हा मुलगा ज्या पुस्तकात बर्फ नाही ते परत करत होता. तुम्ही इतके खूश झालात की तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. रस्त्याने मला म्हणालात, "पाहाय, किती वेगवेगळं राहते. मले वाटलं होतं निम्मे तरी माह्यासारखे निघतील." तुमची स्वतःची बाजू कमजोर पडत होती आणि तुम्हाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तुम्हाला आता फक्त पुढच्या घरी काय निघतं ते बघायचं होतं.

काकाजींच्या घरी आपण सगळ्यांत शेवटी गेलो. मला जायचं नव्हतं. काकींनी चहा ठेवला. काकाजी म्हणाले, "चरित्रं लिहा." तुम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारलात, त्याच आवाजात, इतरांना विचारला होता तसाच. आतून कपबश्यांचा आवाज येत होता, तो थांबला. काकी दारात येऊन म्हणाल्या, "सांगून द्या ना जी. त्याईपासून काय लपवता?" काकाजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग उठून फळीवरच्या जाड ग्रंथांमागे हात घालून त्यांनी चार पातळ पुस्तकं काढली. मुलांच्या गोष्टी. उडणारा घोडा, बोलणारं झाड, समुद्राखालचं राज्य. मोठ्या टायपातली, रंगीत चित्रांची.

"नातवासाठी आणली होती," ते म्हणाले. "थो वाचून मोठा झाला. मी ठेवून घेतली." आणि वरच्या पुस्तकावरून हात फिरवत, "वाचाच्या वयात भेटली नाई."

मी वहीवर पेन टेकवलं होतं. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. "हे लिहू नको," म्हणालात. मग काकाजींना विचारलंत, "त्या घोड्याचं पुढं काय होते?" ते उपचार म्हणून विचारलेलं नव्हतं, तुमच्या चेहऱ्यावरून कळत होतं. काकाजी सांगायला लागले. चहा निवून गेला. तो कडक माणूस हात पसरून घोडा कसा वळतो ते दाखवत होता, आणि काकी दाराला टेकून ऐकत होत्या, बहुधा कितव्यांदातरी.

महिन्यानंतरच्या बैठकीत तुम्ही वही वाचून दाखवलीत, एकाचंही नाव न घेता. बर्फाचं वाचलंत तेव्हा खोली हसली. मावशींचं उत्तर ऐकून आणखी हसली, आणि सगळ्यांनी ओळखलं ते कोणाचं. काकाजींचं पान कोरंच होतं. तुम्ही ते उलटून पुढे गेलात. शेवटी काकाजी म्हणाले, रहस्यकथा राहू द्या, शाळेच्या पोरांना देऊ नका. आणि खालचा एक कप्पा रिकामा करा, त्यात लहान मुलांची पुस्तकं ठेवू. कोणी विचारलं, मुलांना वाचून कोण दाखवणार? "मी हाय ना," काकाजी म्हणाले. त्यानंतर कित्येक वर्षं रविवारी सकाळी विहारामागच्या खोलीतून त्यांचा आवाज ऐकू यायचा. चरित्रांच्या कपाटाकडेही लोक हळूहळू परतले, सगळे नाही.

वहीचं शेवटचं पान माझं होतं. बैठकीच्या आदल्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, "आणि तुले वं?" मी म्हणाले, वैचारिक ग्रंथ आणि समीक्षा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. दुसऱ्या कोणाला हे उत्तर तुम्ही पचू दिलं नसतं, पुन्हा विचारलं असतंत. मला विचारलं नाहीत. "बरं," म्हणालात आणि मला ते माझ्या हाताने लिहू दिलंत. तुम्हाला वाटलं असेल, पुढे कधीतरी सांगेल. मग मीही विसरले. चार वर्षांनी तुम्ही गेलात, भर उन्हाळ्यात, माग दुरुस्त करून परतताना बसस्टॉपवर छातीत दुखून.

तेव्हा मी खोटं बोलले असं नाही. मला माहीतच नव्हतं. परीक्षेबाहेर मी काही वाचतच नव्हते. आता निवृत्त झाल्यावर वेळ आहे, आणि मी एकेक करून पाहते आहे. रहस्यकथा वाचल्या, तुमच्यासाठी म्हणून. बऱ्या वाटल्या, पण माझ्या नव्हेत. प्रवासवर्णनांत मला झोप येते. लग्नानंतरच्या प्रेमाच्या कादंबऱ्या अजून शोधते आहे. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून सांगायला हरकत नाही, बाबा. मला पाककृतींची पुस्तकं वाचायला आवडतात. दुपारी पडून, अगदी कादंबरीसारखी, पहिल्या पानापासून. काहून ते मला कळलेलं नाही. काल चौदा पदार्थ वाचले आणि संध्याकाळी खिचडी लावली.