शीड की फेस?

गुरुजी, तुम्ही माझा अर्धा गुण कापलात तो शुद्ध अन्याय होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली, इंग्रज गेले, आता गोवाही मोकळा झाला, पण माझ्या अर्ध्या गुणाची दाद कुणी घेतली नाही. ससंदेह अलंकाराचे उदाहरण तुम्ही मागितलेत. 'हे मुख की चंद्र?' सगळ्यांनीच लिहिले. मी लिहिले, 'दूर पाण्यावर पांढरे ते काय, शीड की लाटेचा फेस?' तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि वर्गातली शुद्ध भाषा सोडून म्हणालात, "मेल्या, तुका खराच कळणा नाय तर तो अलंकार कसलो? डोळे धुवन ये!" वर्ग खिदळला. कवीला ते मुखच आहे हे पक्के ठाऊक असते, संशयाचे तो नुसते सोंग करतो, हे मग तुम्ही समजावलेत. मला ते फारच कोरडे वाटले होते.

गेले काही दिवस देवबागच्या किनाऱ्यावर मी तोच धडा गिरवतो आहे. माझा थोरला मुलगा गलबतावर खलाशी, मंगळूरची कौले भरून निघालेला. वारा फिरला, बरोबरची गलबते खाडीत शिरली, त्याचे नाही. त्यांतल्या एका गलबताच्या तांडेलाला विचारले, तर तो माझ्याकडे न बघता दोर गुंडाळीत राहिला. आज सांजेला बायको शेजारी येऊन उभी राहिली. "अवो, ता पांढरा काय? झिलाच्या गलबताचा शीड मा?" मी कपाळावर हात आडवा धरून बघत राहिलो. "इतकी पुस्तकां वाचलास, एक शीड वळखूक येणा नाय?" नसलेले दिसणे हा तिचा भ्रांतिमान, काहीच न ठरणे हा माझा ससंदेह, अर्थात तुमच्या नियमाने दोन्ही बाद, कारण सोंग कुणीच करीत नव्हते. सोंग मग मी केले. "फेस न्हय गो, शीडच ता," म्हटले. खरे नाकारून भलतेच ठासून सांगणे, याला तुम्ही अपह्नुती म्हणत असा. तोवर तो फेस विरूनही गेला होता. ती पदर खोचून घराकडे धावली.

आता ओसरीवर बसून हे लिहितो आहे. आत त्याच्यासाठी भात शिजतो आहे. "इलो काय?" ती चुलीपासून विचारते, आणि मी "येतलो" म्हणतो. गुरुजी, हे पत्र कुठे जायचे नाही, म्हणून लिहितो: आमचा मुलगा बुडाला असे मला वाटते, आणि उठून आत जायची मला भीती वाटते.