संपर्क तुटलेल्या अडतीस जणांबाबत

मी, मार्गारेट व्हॅलेरियन डाबरे, वय ६३ वर्षे, निवृत्त परिचारिका, राहणार निर्मळ, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहून ठेवते. अशा कागदात ‘शरीराने व मनाने धडधाकट’ असे लिहायचा रिवाज आहे. शरीराचे मला तसे लिहिता येत नाही. गळ्यात डाव्या बाजूला थायरॉईडची गाठ आहे, सुईच्या तपासणीत ती कॅन्सरची निघाली आहे आणि येत्या सोमवारी, १० फेब्रुवारीला तिचे ऑपरेशन आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला आमचे डॉ. धनेश म्हात्रे यांनी दिला आहे, तो मागे जोडला आहे. मन स्वस्थ आहे, असे मात्र त्यांनीही लिहिलेले नाही. एवढ्या सात-आठ ओळी लिहिताना मी तीन वेळा उठून अंगणात जाऊन आले.

१. निर्मळचे राहते घर व मागची केळी-चाफ्याची वाडी माझ्या नावावर आहे. ती माझ्यामागे माझी एकुलती एक मुलगी रोवेना हिला मिळावी. ती विरारला सातव्या मजल्यावर राहते आणि तिथे वारा चांगला येतो असे म्हणते. तिने इथे राहायला यावेच, अशी अट नाही. बँकेत व पोस्टात माझ्या नावावर जे असेल तेही तिचेच.

२. माझे दीर ऑस्कर डाबरे यांनी १९९८ साली वाडीच्या उत्तरेला भिंत घातली, ती आमच्या जागेत दीड फूट आत आहे. माझे पती व्हॅलेरियन यांनी भावाशी वाद नको म्हणून शेवटपर्यंत तोंड उघडले नाही. ती भिंत पाडू नये, दीड फूट ऑस्करभाऊंनीच ठेवावे. फक्त एकदा रोवेनासमोर उभे राहून त्यांनी म्हणावे की, भिंत आत आहे हे मला ठाऊक होते. बाकी त्यांच्याकडून काही नको.

३. माझी स्कूटर मनाली राऊत हिला द्यावी. मी निवृत्त झाल्यावर पेशंटच्या पाठपुराव्याचे माझे काम तिच्याकडे आले. तिला ती लागेल. का, ते पुढे येते.

४. माझ्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तिची व्यवस्था लावण्यासाठीच खरे तर मी हा कागद लिहायला बसले आहे. वही कोणाच्या हाती जावी हे कळायचे तर तिच्यात काय आहे ते आधी सांगायला हवे.

मी एकोणीस वर्षे मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात डॉ. संग्राम निंबाळकर यांच्या हाताखाली संशोधनाची सिस्टर होते. ते थायरॉईडच्या कॅन्सरची ऑपरेशने करतात. त्यांच्याइतका हलका हात मी दुसरा पाहिलेला नाही, हे त्यांच्यावर राग असूनही लिहिते. त्या गाठीला खेटून दोऱ्याएवढी बारीक नस जाते. तिला धक्का लागला तर माणसाचा आवाज बसतो, कधी कधी कायमचा. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी पेशंटला फोन करायचा आणि आवाज कसा आहे, कॅल्शियमच्या गोळ्या सुटल्या का, गाठ परत आली का, हे विचारून तक्त्यात भरायचे, हे माझे काम. तीन वेळा फोन करून उत्तर मिळाले नाही तर ‘संपर्क तुटला’ लिहायचे, असा नियम होता.

आमच्या अभ्यासात ३०४ पेशंट होते. त्यातल्या ३८ जणांपुढे मी ‘संपर्क तुटला’ लिहिले. उरलेल्यांत कायमचा आवाज गेलेले तीनच निघाले. म्हणजे शंभरात एक.

२०१६ च्या मार्चमध्ये, या अभ्यासाचा निबंध वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवायला आठवडा राहिला असताना, मी पाचूबंदरला पापलेट घ्यायला गेले होते. लिलाव चालू होता. डायना नावाची तरुण मुलगी भाव पुकारत होती आणि शेजारी तिची आई नुसती बोटांनी खुणा करत होती. मी डायनाला भाव विचारला तशी ती आई उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग कानाशी येऊन श्वासाच्या आवाजात म्हणाली, “तुमी दवाखान्यातल्या ना? फोन तुमीच करायच्या. मी तिकडून बोलत व्हते. तुमी ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून द्यायच्या.”

ती मालू सायमन कोळी. पूर्वी सगळ्या बंदरात तिच्यासारखा लिलाव कोणी पुकारत नसे. तिने मला माझ्या आवाजावरून ओळखले होते.

ते तीन फोन मला चांगले आठवत होते. लाइनवर नुसती फुसफुस यायची. मी समजायचे, तिकडे रेंज नाही. पापलेट तिथेच ठेवून मी घरी आले आणि मग डोक्यात लख्ख झाले की ज्यांचा आवाज गेला तेच फोनवर उत्तर देऊ शकणार नाहीत. म्हणजे जे मोजायला आम्ही बसलो होतो, तेच आमच्या मोजणीतून गळत होते.

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितले.

ते म्हणाले, “सिस्टर, तीन फोन केले होते ना?”

“केले होते.”

“मग नियम पाळला गेला. यादी बंद झाली आहे. एका बाईसाठी उघडायची तर अडतीसच्या अडतीस घरं शोधावी लागतील.”

“शोधू या की, सर.”

“तुम्ही दमलाय. यादी बरोबर आहे म्हणून इथे सही करा.”

मी सही केली. मला कोणी धमकावले नव्हते, नोकरी जाणार नव्हती. सरांनी पेन पुढे केले आणि मी घेतले, इतकेच. निबंध छापून आला. त्यानंतर माझ्यासमोर किती पेशंटना ‘शंभरात एक’ असे सांगून संमतीपत्रावर सह्या घेतल्या, ते मी मोजलेले नाही.

२०१९ ला निवृत्त झाल्यावर मी त्या अडतीस जणांना शोधायला निघाले. यादीची प्रत मी घरी आणली होती. हे नियमात बसत नाही आणि त्यासाठी माझ्यावर कारवाई होऊ शकते, याची मला कल्पना आहे. पहिली मालूकडे गेले. तिने विचारले, “तुमच्या कागदावर माझं काय लिवलंय?”

मी म्हटले, “संपर्क तुटला.”

“तुटला? मी तं हितंच हाय,” ती म्हणाली आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली. तिने मला त्या वेळी फैलावर घेतले असते तर बरे वाटले असते.

मधली दोन वर्षे साथीत गेली. तरी स्कूटरने, एसटीने, कधी रोवेनाच्या गाडीने मी एकतीस घरे गाठली. चौघे आजार उलटून गेले होते. पंधरा जण ठणठणीत होते, फक्त नंबर बदलला होता. आणि बारा जणांचा आवाज कायमचा गेला होता. त्यांत एक शाळामास्तर होते, ते आता शाळेच्या कार्यालयात बसतात. एक बाई होती, तिची नात तिला मुकी समजूनच मोठी झाली. ती सगळी माणसे, नावांऐवजी क्रमांक घालून, त्या निळ्या वहीत आहेत. नव्याने हिशेब केला तर शंभरात पाच येतात.

मग डिसेंबरात माझीच गाठ निघाली. दुसरीकडे जा, असे रोवेना म्हणाली. पण आत काय असते ते मी एकोणीस वर्षे पाहिले आहे आणि माझ्या नसेजवळ मला तोच हात हवा आहे. मी सरांकडेच गेले. त्यांनी आपुलकीने तपासले. मग संमतीपत्र पुढे ओढून सवयीने बोलू लागले, “आवाजाचा धोका शंभरात ए...”

“मला तरी नका सांगू, सर.”

ते थांबले आणि म्हणाले, “किती आहेत?”

“पाच.”

त्यांनी छापील आकडा खोडून माझ्या संमतीपत्रावर पाच लिहिले. त्यांना आकडा पटला होता. मी पिशवीतून वहीची प्रत आणि दुरुस्तीचे पत्र काढले. पत्रात खाली दोघांच्या सह्यांची जागा होती. ते म्हणाले, “तुमचं ऑपरेशन होऊ दे, मग बघू.” मीही पत्र परत पिशवीत ठेवले. या गोष्टीला आज तीन आठवडे झाले.

५. सबब मी असे लिहून ठेवते की, माझ्या मृत्यूनंतर नव्वद दिवसांच्या आत रोवेनाने सदर वही व दुरुस्तीचे पत्र रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीकडे व ज्या नियतकालिकात निबंध छापून आला त्याच्या संपादकांकडे, डॉ. निंबाळकर यांची सही असो वा नसो, माझ्या एकटीच्या नावाने रवाना करावे.

(वरील कलम ५ मी स्वतः आडवी रेघ मारून रद्द केले आहे. बाजूला माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. मा. डा.)

६. कलम रद्द करण्याचे कारण. ते लिहून झाल्यावर मी रोवेनाला फोन करून वाचून दाखवले. ती म्हणाली, “मम्मी, हे तू गेल्यावरच का?”

मी म्हटले, “सोमवारी त्यांच्या हातात माझा गळा आहे, बाय.”

“म्हणजे तुला त्यांची भीती वाटते.”

एकोणीस वर्षे त्या माणसाचा हात एकदाही थरथरलेला मी पाहिला नव्हता. त्याच्या हातावर माझा जितका भरवसा आहे म्हणते, तितका खरोखर असेल तर मी पत्र कशासाठी अडवून ठेवले होते? आणि भरवसा नसेल तर त्याच्याकडे जातेच कशाला? हे मी स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत येरझारा घालत स्वतःला विचारले. मग समितीचे आणि संपादकांचे अशी दोन पाकिटे केली, स्कूटर काढली आणि सोपाऱ्याच्या पोस्टात जाऊन ती रजिस्टरने रवाना केली. पत्रावर सही माझी एकटीची आहे. २०१६ ची सही माझीच होती, हेही त्यात लिहिले आहे. पावत्या सोबत जोडल्या आहेत. आता वही वारसाहक्काने कोणाला द्यायची राहिली नाही.

७. माझे दफन निर्मळच्या दफनभूमीत, व्हॅलेरियनशेजारी करावे. भाषणे नकोत.

८. पोस्टातून आल्यावर मी डॉ. निंबाळकरांना फोन केला. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळू नये, असे वाटले. मी म्हटले, “सर, मी पत्र पाठवलं. आत्ताच. माझ्या सहीनं.”

बराच वेळ तिकडून काही ऐकू आले नाही. मी या वेळी फोन ठेवला नाही.

शेवटी ते म्हणाले, “सोमवारी सकाळी सात वाजता या, सिस्टर. उपाशीपोटी.”

मी जाणार आहे.

या मृत्युपत्राची तजवीज माझी मुलगी रोवेना हिने पाहावी. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. खालील दोघांसमक्ष मी सही केली आहे आणि माझ्यासमक्ष त्यांनी. दोघांनाही यात काही ठेवलेले नाही.

सही : मार्गारेट व्हॅलेरियन डाबरे

साक्षीदार :
१) हरेश जयराम वर्तक, फुलबागायतदार, राहणार निर्मळ
२) डायना सायमन कोळी, मासळी विक्रेती, राहणार पाचूबंदर, वसई

स्थळ : निर्मळ
दिनांक : गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५