खुर्ची रिकामी होण्याबाबत

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. कंबर कुठे वाकतेय आता!) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजूनही तू बोलायला लागलीस की तो सुरू होतो? चिरंजीवांना पदवी मिळून आठ महिने झाले, आता तरी दहाच्या आधी उठतात का? आम्ही सगळे ठीक आहोत. मी सोडून. माझं पोट दुखतंय, पण डॉक्टरांना दाखवण्यासारखं ते दुखणं नाही. तू मला लहानपणापासून ओळखतेस. तुला नवी सायकल मिळाली त्या आठवड्यात रोज सकाळी चाकातली हवा कशी जायची, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही.

तुझं पत्र पोचलं. आमच्या कार्यालयात आलेल्या त्या इंटर्न मुलीचे सहा महिने संपत आलेत, तिची खुर्ची रिकामी झाली की आपल्या पोराला तिथं बसव, असं तू लिहिलंयस. तुझी माहिती पक्की आहे. सरकार पदवीधरांना सहा महिने कार्यालयात शिकायला पाठवतं. शेवटी एक मूल्यमापनाचं पत्रक भरून वर जातं. गुण चांगले पडले तर त्याच खुर्चीवर आणखी एक वर्ष. नाही पडले तर घरी, आणि खुर्ची यादीतल्या पुढच्याला. (पुढचा नंबर चिरंजीवांचा आहे हे मी यादीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.) आणि आमच्या नळजोडणी विभागात ते पत्रक भरणारा ‘मार्गदर्शक’ कोण? तुझा भाऊ. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कोणाचं तरी नशीब माझ्या पेनात आलंय. पत्रक शुक्रवारी जायचंय. अजून कोरं आहे, ड्रॉवरमध्ये आहे आणि मी दिवसातून चार वेळा ड्रॉवर उघडून बघतो.

आता तू म्हणशील, मग अडलंय कुठे? कमी गुण दे आणि मोकळा हो. ताई, तेच तर मी ठरवलं होतं, आणि तुझ्या पत्राची वाटही न बघता! ती मुलगी आली त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपते आहे. पहिल्याच दिवशी तिला फिरती खुर्ची मिळाली. मी सव्वीस वर्षं लाकडी खुर्चीवर बसतोय, तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, आणि ती घडीसुद्धा मी स्वतः घातलेली. तिचं ओळखपत्र निळ्या फितीत, त्यावर रंगीत फोटो. माझ्या ओळखपत्रावरच्या फोटोत मी आहे असं दाराशी बसणारा शिपाईसुद्धा आता मानत नाही. बरं, साहेबांना ती ‘सर’ म्हणते, शेजारच्या टेबलावरच्या सहायकाला ‘सर’ म्हणते (तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे आणि त्याला बेरीज येत नाही), आणि मला? मला म्हणते ‘काका’. केस काळे करून घेतले त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा ‘काका’च.

हेही एक वेळ गिळलं असतं. पण साहेब तिला केबिनमध्ये बोलावून विचारतात, ‘तुला काय वाटतं?’ ताई, तीन साहेब माझ्या डोळ्यांदेखत आले, बसले आणि निवृत्त झाले. एकानेही मला कधी काय वाटतं ते विचारलं नाही. कोणाला काय वाटतं हे विचारायची पद्धत हेडक्लार्कपासून पुढे सुरू होते, आणि हेडक्लार्कच्या परीक्षेत तुझा भाऊ तीनदा आपटलाय, तिन्ही वेळा नियमावलीच्या पेपरात. वयाच्या अटीत बसणारी शेवटची परीक्षा दोन महिन्यांनी आहे. तिचा अर्ज मी भरलेला नाही आणि भरणार नाही. घरात तो विषय निघाला की मी जेवणावरून उठतो, तेव्हा तूही काढू नकोस.

तर मुद्दा असा की ती मुलगी आल्याच्या दुसऱ्याच महिन्यात साहेबांनी फर्मान काढलं: प्रत्येक टेबलावरचा मसुदा आधी तिच्या टेबलावरच्या निळ्या ट्रेमध्ये ठेवायचा, ती तो तपासून, टंकून वर पाठवणार. माझा मसुदा! ज्याच्या मसुद्यांवर डोळे मिटून सह्या होत आल्या त्याचा! पहिल्या दिवशी माझ्या एका वाक्याखाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘काका, हे वाक्य कुठे संपतं?’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. (वाक्य दीड पान होतं हे खरं. पण ते सरकारी वाक्य होतं.) मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षातच आलं नाही, त्यामुळे पाचव्या दिवशी मला आपणहून बोलावं लागलं.

शेवटी गेल्या मंगळवारी मी ठरवलं की नुसते कमी गुण देऊन भागणार नाही, साहेबांना लेखी कळवायला हवं. दुपारभर बसून तक्रार लिहिली. चार मुद्दे काढले. एक, सदर प्रशिक्षणार्थी रोज वेळेआधी येते, त्यामुळे वेळेवर येणारे उशिरा आल्यासारखे दिसतात. दोन, खुर्चीवाटपात ज्येष्ठता डावलली. तीन, अर्जदाराला चिठ्ठीवर नंबर आणि तारीख लिहून देण्याची पूर्वापार चालत आलेली पद्धत मोडून ही फोनवर संदेश पाठवते. चार, स्वभावाने उद्धट. वरती ‘गोपनीय’ लिहून लाल रेघ ओढली. मन हलकं झालं, तसा चहाला गेलो. अर्धा कप संपला तेव्हा मला आठवलं की कागद हातात नाही. खिशात नाही. ड्रॉवरमध्ये ठेवल्याचंही आठवेना. ताई, दिवसातून चाळीस वेळा ज्या हाताने मसुदा निळ्या ट्रेमध्ये टाकायचा, त्या हाताने एक्केचाळिसाव्यांदाही तेच केलं होतं. माझं डोकं साहेबांच्या केबिनमध्ये पोचलं होतं, हात मात्र फर्मान पाळत बसला.

धावत आलो तर ट्रे रिकामा, आणि मुलगी जागेवर नाही. ती रडत साहेबांकडे गेली असणार असं धरून मी बदलीचा विचारसुद्धा करून टाकला. (तुझ्या गावच्या कार्यालयात जागा आहे का, हेही मनात आलं.) सुमारे तासाभराने ती आली ती धुळीने माखून, केसांत जळमटं, आणि माझ्या टेबलावर एक फाइल ठेवून गेली. आत माझी तक्रार. स्वच्छ टंकलेली. चारही मुद्दे जसेच्या तसे आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीची टीप. पहिल्यापुढे: ‘तारखा दिल्यास मुद्दा पक्का होईल. हजेरीपटावरून चौदा तारखा जोडल्या आहेत.’ दुसऱ्यापुढे: ‘बरोबर आहे. ज्येष्ठतेचं परिपत्रक सापडलं, प्रत सोबत.’ चौथ्यापुढे: ‘उद्धटपणाचं एखादं उदाहरण द्यावं, नाहीतर मुद्दा वगळावा. (मला आठवत नाही, पण झालं असेल तर चुकलं.)’

तिसऱ्यापुढे जरा मोठी टीप होती. ‘पूर्वापार एवढंच लिहिलं तर टिकणार नाही. पद्धत कोणी आणि कधी सुरू केली ते हवं, म्हणून जुनं कपाट उघडलं.’ आणि खाली जोडलेला एक पिवळा पडलेला कागद. ताई, तो कागद मी एकोणीस वर्षांनी बघत होतो. त्या काळी लोक आपल्या अर्जाचं काय झालं हे विचारायला रोज सकाळी रांग लावायचे, आणि आम्ही रोज त्यांना उद्या या म्हणायचो. तेव्हा मी एक टिप्पणी लिहिली होती, की प्रत्येकाला नंबर आणि येण्याची तारीख लिहून चिठ्ठी द्या, म्हणजे हेलपाटे वाचतील. वर तेव्हाच्या साहेबांचा शेरा: ‘कल्पना उत्तम. अमलात आणावी.’ अमलात आली. सत्कार झाला तेव्हाच्या हेडक्लार्कचा. हार घातलेला त्याचा फोटो अजून जिन्याजवळ आहे, आणि एकोणीस वर्षं मी त्याच्याकडे न बघता जिना चढतोय. घरीसुद्धा मी हे कोणाला सांगितलेलं नाही. सांगून काय करणार, पुरावा कपाटात होता. मुलीनं त्या कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘काका, हे तुमचं अक्षर आहे. दीड पानाचं वाक्य मी ओळखते. साहेबांना हे माहीत आहे का?’

मी बराच वेळ फाइल वाचल्यासारखं केलं. मग तिच्या टेबलाशी जाऊन विचारलं, तक्रार कोणाविरुद्ध आहे ते दिसलं नाही का तुला? ती म्हणाली, ‘दिसलं की. पण ट्रेमध्ये आला म्हणजे मसुदा. नीट करायला नको का?’ एवढं बोलून ती उठली, आणि परिपत्रकानुसार म्हणून आपली फिरती खुर्ची ढकलत माझ्या टेबलाशी आणून ठेवली आणि माझी लाकडी घेऊन गेली. पुठ्ठ्याच्या घडीसकट. आता मी फिरत्या खुर्चीवर बसतो. ती एका बाजूला कलते आणि पाठ दुखते, पण हे मी कोणाला बोललेलो नाही.

असो. नात्याचं नातं आणि कामाचं काम. तुझ्या पोराचा मामा म्हणून माझं काळीज तुटतं, पण मार्गदर्शक म्हणून मी कोणाचाही मत्सर न करता, निःपक्षपातीपणे, शुक्रवारी शांत चित्ताने काय ते ठरवीन. भावोजींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद, गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्रक कोरं आहे असं वर लिहिलंय ते खोटं आहे. बुधवारीच भरून पाठवलं. सगळ्या रकान्यांत पैकीच्या पैकी. ‘उणिवा’ या रकान्यात काहीतरी लिहावंच लागतं, म्हणून ‘ज्येष्ठांना काका म्हणते’ असं लिहिलं. खुर्ची रिकामी होणार नाही. रागव, पण पत्र पाठवायचं बंद करू नकोस. चिरंजीवांसाठी दुसऱ्या कार्यालयातली यादी पुढच्या महिन्यात निघते. अर्ज तपासून देईन असं ती मुलगी म्हणाली, फक्त तो त्यानं स्वतः लिहिलेला हवा. तक्रारीचा कागद मी घरी आणलाय. फाडला नाही, इतकं चांगलं टंकलेलं माझं दुसरं काही नाही.

ता. क. २. मी फार मोठ्या मनाचा झालोय असं समजू नकोस. तिला मुदतवाढ मिळाली नसती तर मला नियमावली शिकवणार कोण? परीक्षेचा अर्ज भरला. तुझ्या माळ्यावर माझी निळ्या पुठ्ठ्याची वही आहे, तिसऱ्यांदा आपटल्यावर मी ती तुझ्याकडे फेकून आलो होतो, ती टपालाने पाठव. त्यासाठीच हे पत्र लिहिलं. घरी कळवू नकोस, चौथ्यांदा आपटलो तर निदान कोणाला माहीत नसेल.

ता. क. ३. वही लवकर पाठव, अगदी उद्याच. रोज जेवणाच्या सुट्टीत ती मला शिकवते, तर कालपासून तो शेजारचा सहायकही डबा घेऊन येऊन बसायला लागलाय. आज त्यानं कलम सात पाठ म्हणून दाखवलं आणि ती त्याला ‘वा, सर!’ म्हणाली. मला अजून एकदाही म्हणालेली नाही.