जार पडेपर्यंत

११ ऑगस्ट
तांबडीचं वासरू गेलं. परवापर्यंत उड्या मारत होतं. काल हगवण लागली, आज दुपारी मान टाकली. आनंदनगरच्या कंपनीतून शिफ्ट करून आलो तर आई गोठ्याच्या दारात बसलेली. म्हणाली, "नजर लागली." लागली असेल. मला मात्र तो निळा ड्रम दिसत राहिला. कॅम्प पाचच्या भंगारवाल्याकडून आणलेला, अर्धा कापून गुरांना पाणी ठेवतो. असल्या ड्रमांतून कसली कसली केमिकल्स येतात ते कंपनीत रोज बघतो.

१२ ऑगस्ट
ड्रम फेकला. जुनी दगडी डोण घासून काढली. सुनंदा म्हणाली, "आपलं प्यायचं पाणी पण तसल्याच ड्रमात आहे की." तोही फेकला. आता घरभर बादल्या, आणि बायकोची कटकट. कात्रपच्या गिऱ्हाईक वहिनींचा फोन, खरवसाला चीक उरलाय का? वासरू गेल्याचं सांगवलं नाही.

२ सप्टें.
काळी सकाळी व्यायली. गोऱ्हा, धट्टाकट्टा. आईने नेहमीप्रमाणे लांब बांधला. जार, म्हणजे व्यायल्यावर पडते ती वार, पडेपर्यंत तोंड लावू द्यायचं नाही, आधी पाजलं तर जार आत अडकते, गाय दगावते. आमच्यात असंच. जार पडली संध्याकाळी, मग पाजला. तोवर हंबरून हंबरून दमलेला. असो. पाणी आता डोणीतलं आहे, घाबरायचं कारण नाही.

६ सप्टें.
तेच झालं. हगवण, डोळे आत, आणि संपलं.
म्हणजे ड्रम नव्हता. मग काय? माझे कंपनीचे कपडे? माझे हात? हरणी पुढच्या महिन्यात व्यायची आहे. तिच्या पोटावर हात ठेवायची हिंमत होत नाही.

७ सप्टें.
गुरांच्या डॉ. आल्या. तरुण बाई. त्यांनी विचारलं, "चीक कधी पाजलात?"
"जार पडल्यावर."
त्यांनी पिशवी उघडली. मग म्हणाल्या, "अहो, रोगाशी लढायची ताकद वासराला त्या चिकातूनच मिळते. उभं राहिलं की लगेच पाजा. संध्याकाळपर्यंत फार उशीर होतो." नाळेला लावायला औषध दिलं.
आईने आतून सगळं ऐकलं. त्या गेल्यावर, "आनि गाय मेली म्हंजे? ती डाक्टरीन येईल काय दूद घालाया?"
आईचंही काय चुकलं? मी लहान असताना एक गाय जार अडकून गेली. तिचं वासरू दावं तोडून आधीच प्यायलं होतं. तो वास मलाही आठवतो.

४ ऑक्टो.
हरणीची कास भरली. रजा मागितली. सुपरवायझर म्हणतो, "गाय की डिलिवरी के लिए छुट्टी?" सगळे खो खो हसले. हसू देत. रजा मिळाली. जेवण जात नाही.

७ ऑक्टो.
सकाळी व्यायली. कालवड. आई दोरी घेऊन आलीच. मी मध्ये उभा राहिलो. "आई, या खेपेला नाही." आजवर तिला असं कधी अडवलं नव्हतं. दोरी तिथेच टाकून निघून गेली. कालवड धडपडत उठली, सड तिच्या तोंडात दिला. प्यायली, पोटभर.

दुपार. जार पडली नाही.

ऊन उतरलं. अजून नाही. डॉ.ना फोन. "ओढू नका. सकाळपर्यंत नाही पडली तर मी येते." वाट बघा म्हणे. हरणी सारखी मागे वळून बघते. गाय गेली तर मीच मारली. देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

दिवेलागण. आई गोठ्यात आली, हरणीपाशी बसली. कालवड पुन्हा कासेकडे धडपडायला लागली. आई उठली. वाटलं, आता ओढून बाजूला करणार. तिने हरणीचा पाय थोपटून जरा मागे सारला आणि कालवडीला जागा करून दिली. माझ्याशी अजून बोलत नाही. जार लोंबतेच आहे.