एक्क्याण्णव पुरे

विश्रांतवाडी, पुणे
१२ फेब्रुवारी १९९८

प्रिय नंदास,
दादाचे आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

वि. वि. तार मिळाली असेलच. आम्रपालीला मुलगी झाली, ती अडीच महिने आधी. वजन अकराशे ग्रॅम, साखरेच्या किलोच्या पुड्याहून जरासे जास्त. ऑपरेशनमुळे आम्रपाली अजून अंथरुणावर आहे आणि जावई अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कामावर, म्हणून बाळाजवळ जायची परवानगी मला मिळाली. अंगात हिरवा झगा, तोंडाला फडके. बारा वर्षे मुख्याध्यापक असलेला माणूस तिथे थेट वॉर्डबॉय दिसतो.

बाळ काचेच्या पेटीत आहे. डोक्यावर पारदर्शक डबा, त्यात नळीने ऑक्सिजन सोडतात. पावलाला लाल दिव्याची पट्टी बांधली आहे. रक्तात ऑक्सिजन किती, हे त्यावरून यंत्र सांगते. शंभरपैकी. पहिल्या दिवशी पाहिले तर एक्क्याण्णव, दुसऱ्या दिवशी नव्वद. सिस्टर म्हणाल्या, एवढाच हवा. मला हे पटले नाही. शाळेत मी कुणाला नव्वदावर समाधान मानू दिले नाही, तर नातीला कसे मानू देऊ? शिवाय जावई अनिरुद्धराव रोज फोन करून आकडा विचारतात. नव्वद सांगायची लाज वाटते.

म्हणून तीन दिवस एक युक्ती करतो आहे. चार वाजता सिस्टर पलीकडच्या बाळाकडे वळल्या, की भिंतीवरची ऑक्सिजनची चावी थोडी मोकळी करतो. आकडा नव्याण्णव! काल तर पूर्ण शंभर. मागाहून कोणीतरी ती पुन्हा कमी करते, पण मीही हटत नाही. आम्रपालीला शंभर सांगितले, तेव्हा ती बाळंतपणानंतर पहिल्यांदा हसली.

तिकडची खुशाली कळव. भावावरची माया आहे तशी राहू दे.
तुझा दादा,
पोपट


अहमदनगर
१५ फेब्रुवारी १९९८

ती. दादास,
धाकट्या नंदाचा सविनय जयभीम.

तुझं पत्र आज मिळालं. वाचलं आणि पायात चप्पल सरकवून थेट एसटीडी बूथ गाठला. तुमच्या वॉर्डात फोन करून सांगितलं, की चावीला घरचं कोणीतरी हात लावतंय. नाव सांगितलं नाही. ते तू सांगायचंस.

दादा, तुझी बहीण बावीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. तिला एक ओळ लिहून विचारायला काय झालं होतं? ते मार्क नाहीत. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या अजून वाढायच्या असतात. ऑक्सिजन कमी पडला तर जिवाला आणि मेंदूला धोका. जास्त झाला तर त्या वाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, डोळ्याचा आतला पडदा सुटतो आणि बाळ आंधळं होऊ शकतं. म्हणून वरून ऑक्सिजन चालू असताना आकडा नव्वदीच्या आसपासच ठेवतात. शंभर झाला, की त्यापुढे रक्तात किती जादा साठलाय हे यंत्रालाही सांगता येत नाही. पोर एक्क्याण्णववर छान चालली होती आणि तू तिला नापास ठरवलंस.

डॉक्टरांना सगळं सांग. किती दिवस, किती वेळ. आणि आम्रपालीलाही सांग. ती आई आहे, तिच्यापासून हे लपवू नकोस.

मी चिडले आहे. तरी तुझ्यावरचा जीव कमी झालेला नाही, हे ध्यानात असू दे.
तुझी,
नंदा


विश्रांतवाडी, पुणे
१९ फेब्रुवारी १९९८

प्रिय नंदास,
सप्रेम जयभीम. आशीर्वाद देण्याचे तोंड सध्या नाही.

वि. वि. पत्र वाचले. तसाच दवाखान्यात गेलो आणि डॉक्टर बाईंपुढे सारे कबूल केले. त्यांनी नोंदी पाहिल्या. दर वेळी वीस-पंचवीस मिनिटांत सिस्टरनी चावी पूर्ववत केली होती. चावी बिघडली असावी असे समजून मेकॅनिकलाही बोलावले होते. बाई म्हणाल्या, एवढ्याने इजा होईलच असे नाही, होणार नाही असेही सांगता येत नाही. चार आठवडे झाले की डोळ्यांचे डॉक्टर तपासायला येऊ लागतील.

मला हाकलून देतील असे वाटले होते. बाईंनी उलट कामाला लावले. चावीपासून दोन हात लांब स्टूल दिले. दर पाव तासाने आकडा लिहायचा आणि त्र्याण्णवच्या वर जाताच हाक मारायची. आज सहा वेळा हाक मारली.

आम्रपालीला मात्र सांगितले नाही. तिच्या खाटेपर्यंत दोनदा गेलो आणि परत फिरलो. भित्रा आहे तुझा भाऊ. तरी त्याला अंतर देऊ नकोस.
पोपट


विश्रांतवाडी, पुणे
२६ एप्रिल १९९८

ती. नंदाआत्यास,
आम्रपालीचा आणि निकिताचा सप्रेम जयभीम.

हो, नाव ठेवलं. निकिता. वजन दोन किलो दोनशे आणि आवाज त्याच्या चौपट. आम्ही घरी आलो!

डोळ्यांची पहिली तपासणी मार्चमध्ये झाली. पडदा अजून अपुरा आहे, पुढे पाहू, म्हणाले. मग दर पंधरवड्याला तेच. मला वाटायचं, सगळ्याच बाळांना तपासतात. अठरा तारखेला शेवटची तपासणी होती. डॉक्टर आत गेले आणि बाबांनी मला बाकावर बसवून चावीचं सगळं सांगितलं. आत्या, खरं सांगते, तेवढा वेळ मला त्यांचं तोंड बघवेना. मग लक्षात आलं, की निकाल चांगला आला असता तर ते गप्प बसू शकले असते आणि मला जन्मात कळलं नसतं. त्यांनी निकालाची वाट पाहिली नाही. मी त्यांचा हात धरला.

तेवढ्यात दार उघडलं. दोन्ही डोळ्यांचा पडदा पूर्ण तयार, रक्तवाहिन्या अगदी काठापर्यंत व्यवस्थित पोचल्या. आत्या, आपण जिंकलो! बाबांनी अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले. अनिरुद्धना फोन केला तर ते तिकडे ऑफिसात सगळ्यांदेखत रडले. बिबवेवाडीच्या मकसूदचाचांचा नातू शेजारच्या पेटीत आहे. बाबा त्यांना रोज तासभर एक्क्याण्णवचं महत्त्व शिकवायचे आणि ते बिचारे निमूट ऐकून घ्यायचे. त्यांनी बाबांना मिठीच मारली.

आता नळी नाही, पट्टी नाही. घरी आल्यापासून बाबा पाळण्याभोवती घुटमळतात. यंत्राशिवाय कळणार कसं, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. मी म्हटलं, बाबा, आता तिच्याकडेच बघायचं. ते पाळण्यावर वाकले. ती आधीच त्यांच्याकडे बघत होती. ते डावीकडे सरकले, तर तिची नजर सावकाश डावीकडे गेली. उजवीकडे सरकले, तर उजवीकडे आली. बाबांनी हे किती वेळा केलं, ते मी मोजलं नाही.

लवकर ये. आमच्यावर रागावण्याइतका लोभ कायम असू दे.
तुझी,
आम्रपाली