कडता कापून

१२ जाने. ९८
डॉक्टरांकडे. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करावंच लागणार. पण त्यांच्या काट्यावर उभा राहिलो तर काटा शेवटच्या आकड्यावर, एकशेवीसवर, जाऊन टेकला आणि तिथेच बसला. डॉ. म्हणाले, "आधी आमच्या काट्यात या, मग ऑपरेशन." तोवर गुडघ्यात इंजेक्शनं, शुगरच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या. मेडिक्लेमवाल्यांनी गुडघा आणि शुगर दोन्ही आधीच वगळलेले. प्लॉट विकून ऑपरेशनसाठी पैसे ठेवले, ते ऑपरेशनाआधीच झिरपायला लागले. तीन जिने चढून घरी. आत कोणी नाही हे रोजचंच. आज बोचलं.

१७ जाने., शनि.
घरातला काटाही एकशेवीसपर्यंतच. पेठ रोडच्या कांद्याच्या आडतीत मोठा काटा आहे. संध्याकाळी गोण्या उचलून झाल्यावर गेलो. फार लाज वाटली. नामदेव मापाडी हसला नाही. मला वर उभं केलं, पलीकडून वजनं सरकवली, "एकशेतीस" म्हणाला आणि चहा पाजला. हसला नाही, यातच सगळं आलं.

१४ फेब्रु., शनि.
नामदेवकडे १२७. भात बंद, साखर बंद. डबेवाल्या मावशींना दोनच पोळ्या सांगितल्या तर म्हणाल्या, घरात कुणी आजारी आहे का? घरात कोण असणार! इंजेक्शनाने दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. ऑफिसला रिक्षाच. साहेबांनी विचारलं, अजून किती रजा लागणार? डॉ.ना विचारा, म्हणावंसं वाटलं.

२ मार्च
नामपूरहून ताईचा फोन. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ये म्हणते. तिला काय सांगू, एस.टी.ची पायरी चढता येत नाही? गोळ्यांचं बोललो तर हसली. "तुनी तब्बेत ते चांगली शे, भाऊ." आमच्याकडे माणूस फुगला की तब्येत सुधारली. आई होती तेव्हा तीही असंच म्हणून वर तूप वाढायची. पुढच्या आखाजीला येतो म्हटलं. स्वतःच्या पायांनी, हे मनात.
फोन ठेवल्यावर शेव खाल्ली. पाकीट संपेपर्यंत. भूक नव्हती.

११ एप्रिल, शनि.
एकशेएकोणीस. नामदेवने हमालांना बोलावून सांगितलं. मी पेढे आणले, सगळ्यांना वाटले, एकही तोंडात टाकला नाही. घरी आल्यावर कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. ताईला फोन लावला, लागला नाही.

१३ एप्रिल
दवाखाना. काटा पुन्हा एकशेवीसला टेकला. चपला काढल्या, शर्ट काढला, शेवटी चष्मासुद्धा. हलेना. वजन कुठे केलं होतं, डॉ.नी विचारलं. कांद्याच्या आडतीत म्हटल्यावर नर्स तोंडावर हात ठेवून बाहेर गेली. पुन्हा इंजेक्शन, रक्ताच्या सगळ्या तपासण्या पुन्हा. पावती न बघताच खिशात कोंबली. ऑपरेशन पुढे. किती पुढे, ते

१५ एप्रिल
ऑफिसातून तडक आडतीत. नामदेव आधी गोंधळला, मग म्हणाला, "साहेब, कडता कापला ना. काट्यावर काय बी चढलं की तीन किलो कापायची सवय हाय हाताला."
गोणीत माती, पाला, ओल असते म्हणून वजनातून कापतात तो कडता. माझ्यातून पहिल्या दिवसापासून कापत होता! वाटेल ते बोललो त्याला. माझा गुडघा, माझे पैसे, माझी रजा, सगळं काढलं.  निघालो तेव्हा तो मागून हळूच म्हणाला, "शनिवारी येनार ना?"
रिक्षात रडू आलं. माझी वाट बघणारं या गावात तेवढं एकच माणूस आहे आणि मी त्यालाच

१८ एप्रिल, शनि.
गेलो. कडता नको, खरं वजन सांग म्हटलं. नामदेवने वजनं सरकवली, थांबला, परत सरकवली. "सांगू?" म्हणाला.
मी म्हटलं, आधी चहा सांग.
त्याने दोन सांगितले. दोन्ही बिनसाखरेचे.